ओलाईची खबर

गेल्या दिवाळीत मी ओलाईला मारलं. ओलाई ही कथेतली म्हातारी, आणि ती माझी नव्हती. वलगावच्या मंगलाताईंनी ती निर्माण केली होती. तिला मारायचं असेल तर आधी त्यांना विचारायचं, असा आमच्यात नियम होता. तो मला ठाऊक होता, आणि तरी मी विचारलं नाही. ही माझी चूक. या उन्हाळ्यात मी वऱ्हाडात जे हिंडलो ते या चुकीपायी. परत आल्यापासून बऱ्याच महिन्यांनी नीट झोप लागते आहे, म्हणून लिहायला बसलो.

मी पुण्यात एका कार्यालयात इमारतींचे नकाशे काढतो आणि उरलेल्या वेळात अद्भुतकथा लिहितो. पन्नाशी आली तरी ओळखीचे लोक विचारतात, "अजून राक्षस चालू आहेत का?" मीही हसून वेळ मारून नेतो. काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला अमरावतीला गेलो होतो. तिथला फोटोग्राफर, प्रमोद, पंगतीत माझ्या शेजारी बसला. मी काय लिहितो हे कळल्यावर तो हसला नाही. त्याने विचारलं, "तुमच्या राक्षसायले झोप येते का?" भात वाळून गेला तरी मी बोलतच होतो.

प्रमोद, मंगलाताई आणि अचलपूरचे शफीकभाई, असे तिघं मिळून एकच लांबलचक कथा लिहीत होते. वऱ्हाडातली काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, वीत-वीतभर रुंद भेगा पडतात. त्यांच्या कथेत त्या भेगांखाली एक देश होता. वर ऊन तापलं की खालच्या लोकांचं आभाळ उघडायचं. वर पाऊस होऊन भेगा बुजल्या की खाली रात्र पडायची. तिथे चढाकडे वाहणारी नदी होती, ती शफीकभाईंची. माणसांच्या सावल्या घडी घालून ठेवणारं कोठार होतं, ते प्रमोदचं. आणि सगळ्या देशातली ओल पदरात बांधून या मुळाकडून त्या मुळाकडे नेणारी, तोंडाने फटकळ अशी ओलाई होती. एकाने आपलं प्रकरण लिहिलं की कागदांचा गठ्ठा एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पुढच्या गावाला जायचा. मला त्यांनी चौथा म्हणून घेतलं. दुसऱ्याचं पात्र वापरा, पळवा, त्याचं लग्न लावून द्या. मारायचं असेल तर मात्र ज्याचं आहे त्याला विचारा. नियम एवढाच.

मग एका दिवाळी अंकाने माझ्याकडे कथा मागितली. मी आमच्या देशातलीच लिहिली आणि शेवटी ओलाईला नदीकाठी एकटीला मरू दिलं. कथा माझ्या नावावर छापून आली. पुण्यात दोघातिघांनी फोन करून शेवटाचं कौतुक केलं. त्यानंतर गठ्ठा माझ्याकडे यायचा थांबला. प्रमोदला फोन केला तर तो "वाचलं" एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. मंगलाताईंचा नंबर मी कितीदा काढला आणि लावला नाही. त्या तिघांत मला पुन्हा बसायचं होतं, बाकी काही नको होतं. शेवटी वैशाखात रजा टाकली.

अमरावती

प्रमोद स्टेशनवर घ्यायला येईल असं वाटलं नव्हतं. तो आला होता, स्कूटरवर बसूनच.

"आले का पुनेकर! बसा मांगं. आधी खाऊन घ्या, मंग शिव्या देतो."

त्याने मला एका हातगाडीवर गिला वडा खायला नेलं. वडा दह्यात बुडवलेला, आणि वर लाल तिखट असं की दही कशासाठी असतं ते पहिल्याच घासाला कळतं. आमच्याकडे दहीवड्यावर साखर असते. हे मी बोलून दाखवल्यावर गाडीवाल्याने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. डोळ्यांना पाणी आलं होतं, तेवढ्याचा आधार घेऊन मी बोलायला सुरुवात केली. संपादकांना स्वतंत्र कथा हवी होती, शेवटाला जोर हवा होता, दिवस थोडे होते, आणि मंगलाताईंना फोन करणार होतो पण…

"सुधीरभाऊ," प्रमोद म्हणाला, "तुमी माफी मागून राहिले का सफाई देऊन राहिले? अन् मले कायले सांगता? मी काय ओलाईची माय हाय? जिची होती तिले सांगा."

दुपारी त्याच्या दुकानात बसलो. बाकावर एक माणूस आधीच बसलेला होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लग्नाच्या वरातीचा फोटो होता. त्यात एक तरुण हात वर करून नाचत होता, तोंड हसरं. प्रमोद त्याच्या भोवतीची माणसं एकेक करून पुसत होता. उरलेल्या चेहऱ्यामागे त्याने निळा रंग भरला. वर केलेला हात खांद्यापासून काढून टाकला.

"टोपी घालता येईन का त्याले?" बाकावरच्या माणसाने विचारलं. तो त्या तरुणाचा भाऊ होता.

"येईन ना भाऊ."

नापिकीच्या या वर्षांत प्रमोदच्या दुकानात हेच काम जास्त असे. मेलेल्या माणसाचा घरात एकट्याचा फोटो नसायचा. मग लग्नातून, जत्रेतून, मतदानाच्या कार्डावरून चेहरा काढायचा, मोठा करायचा, हार घालायला जागा सोडून चौकट करायची. लोकांना तासभर थांबावं लागे. प्रमोद तोवर आमचा गठ्ठा त्यांच्या हाती देई. हे मला त्या दिवशी कळलं.

चौकट बांधून झाल्यावर तो भाऊ उठला. निघताना म्हणाला, "थे ओलाईची कहानी पुढं गेली का हो? माह्या काकाच्या फोटोले आलतो तवा अर्धीच राहिलती."

प्रमोदने माझ्याकडे पाहिलं. "थांबली हाय थोडी," तो म्हणाला. "होईन सुरू."

तो गेल्यावर प्रमोद चहा ओतत म्हणाला, "दिवसभर हेच करतो मी. म्हनून म्याच थो नियम केल्ता. कागदावर तरी कोनी असंच, न इचारता जाऊ नाई."

मी पुण्यात बसून त्या नियमाला खेळाचा नियम समजत होतो.

वलगाव

दुसऱ्या दिवशी सकाळी वलगावला उतरलो. अमरावतीपासून जवळच आहे. मंगलाताईंचं घर विचारत गेलो तर दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी वावराची वाट दाखवली. तिथे त्यांचे यजमान, देविदासभाऊ, बांधावरचे बाभळीचे काटे उचलत होते. उंच, सावळे, डोक्याला गमछा. मी नाव सांगितलं.

"तुमीच का थे? ओलाईले मारनारे?" त्यांनी काटे खाली ठेवले. "आमच्या घरची बाई दोन दिवस बोलली नाई. म्या म्हटलं, अवं कागदावरचीच तं होती. तं माह्यावरच भडकली. दोन दिवस माह्याच हातची भाकर खाल्ली आमी. तुमी थे एकदा खाऊन पाहा, मंग समजन तुमाले तुमी काय केलं थे!"

मी हसू की नको या विचारात एक पाऊल मागे घेतलं, आणि माझी डावी चप्पल भेगेत गेली. पाय निघाला, चप्पल नाही. आम्ही दोघं पोटावर पडून आत पाहू लागलो. ती भेग मी कथेत किती वेळा लिहिली होती! प्रत्यक्षात कधी पाहिली नव्हती. आतून गार, मातकट वास येत होता. कडेला पांढरी केसाएवढी मुळं लोंबत होती. देविदासभाऊंनी तुऱ्हाटीने, तुरीच्या वाळक्या लांब काडीने, ढोसून पाहिलं. तुऱ्हाटी संपली, भेग संपली नाही.

"गेली," ते म्हणाले. "खालच्या लोकायले एक पाय झाकाले झाली."

मंगलाताई अकोल्याला होत्या, लेकीच्या बाळंतपणासाठी. देविदासभाऊंनी घरी नेऊन मला पिठलं, भाकर आणि मिरचीचा ठेचा वाढला. भाकर खरोखरच जाड आणि कच्ची होती. मी दोन खाल्ल्या. मग ते जरा नरमले.

"राग तुमी मारली याचा नाई," ते म्हणाले. "मानूस हाय, मरतेच. पन आमच्या इकडं मौतीची खबर मानूस घेऊन येते. फोनवर नाई सांगत. दारात येते, सांगते. हिले तिच्या बाईची खबर कुठं भेटली? अमरावतीत, पुस्तकाच्या दुकानात. पैसे देऊन विकत आनली तिनं थे खबर."

ते उठले आणि आपल्या जुन्या वहाणा मला आणून दिल्या. माझ्या पायाला त्या दोन बोटं मोठ्या होत्या. फटक-फटक आवाज करत मी अचलपूरच्या बसमध्ये चढलो.

अचलपूर

परतवाड्याच्या बाजूने येताना मेळघाटचे डोंगर दिसायला लागतात, निळे आणि जवळ. शफीकभाईंचं रजई-गादीचं दुकान जुन्या वेशीच्या आत, एका बोळात आहे. पिंजण्याचं मशीन चालू होतं आणि सगळ्या दुकानात कापूस तरंगत होता. त्यातून साठीचा एक गोल चेहऱ्याचा माणूस बाहेर आला. त्याच्या भुवयाही पांढऱ्या, पण नुसत्या कापसाने.

"आओ सुधीरभाऊ, आओ! प्रमोदचा फोन आलता. ये वहाण कोनाची घालून आले?"

मी चप्पल कशी गेली ते सांगितलं. शफीकभाई इतके हसले की मशीन बंद करावं लागलं. बोळातल्या चहावाल्याला, समोरच्या शिंप्याला त्यांनी हाका मारून बोलावलं आणि मला ती गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मग त्या तिघांत वाद सुरू झाला. भेगेतून पडलेली एक चप्पल खालच्या देशात कुठल्या गावी पोचेल? चहावाल्याचं म्हणणं, ती शफीकभाईंच्या नदीत पडली असणार, म्हणजे वाहत वर येईल. शिंपी म्हणाला, "वर कशी येईन? पावसात भेगा बुजल्या का मंग? खाली रात्र राह्यते तवा नदी वाहते का झोपते, थे सांगा आधी." शफीकभाईंनी कान धरला. याचा विचार त्यांनी केला नव्हता.

मी त्या कापसात बसून ऐकत राहिलो. तीस वर्षं मी असले देश कागदावर वसवतो आहे. तिथली नदी रात्री काय करते, असं मला कुणी विचारलं नव्हतं. इथे एक शिंपी हातातलं काम टाकून ते विचारत होता. त्या अर्ध्या तासात मला पुढची तीन प्रकरणं सुचली. पाठोपाठ आठवलं की माझ्याकडे लिहायला गठ्ठाच नाही.

संध्याकाळी घरी वहिनींनी कोंबडीचा रस्सा आणि पातळ रोट्या केल्या होत्या. शफीकभाईंनी खुणेने सांगितलं, कथेबद्दल बोलू नका. जेवण झाल्यावर गच्चीवर कारण कळलं. ते दुकानाचा हिशेब उर्दूत लिहितात आणि कथा मराठीत.

"घरात हिशेब वाचता आला पाह्यजे," ते म्हणाले. "कहानी नाई आली वाचता तं बेहतर. बेगमले वाटते मी रात्री गिऱ्हाइकांची यादी बनवतो."

"वहिनींना खरंच ठाऊक नाही?"

"सब ठाऊक हाय. दिवाळीत मलेच म्हने, तुमच्या लिस्टमधली बुढ्ढी मेली वाटते, तुमी दोन दिवस जेवले नाई."

मग मी पुन्हा माझी कारणं काढली. संपादक, मुदत, धावपळ. शफीकभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे झालं तुमचं," ते म्हणाले. "उद्या अकोल्याले जा. दारात उभं राहून खबर द्या. खबर देनारा आधी पानी पीत नाई, बसत नाई. सांगते, मंग बसते. अन् हे संपादक-बिंपादक इथंच ठेवून जा, माह्या कापसात. मौतीच्या घरी कोनी असं सांगते का, का बस लेट होती म्हनून मानूस मेला?"

त्या रात्री त्यांनी मला नवीन भरलेल्या गादीवर झोपवलं. सकाळी आरशात पाहिलं तर माझ्याही भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

अकोला

अंजनगाव, अकोट करत बस अकोल्याला पोचली तेव्हा दुपार झाली होती. अकोल्याच्या उन्हाबद्दल ऐकून होतो. ऐकलेलं फार कमी होतं. रिक्षाची सीट कपड्यांतून भाजत होती. मंगलाताईंच्या लेकीचं घर गावाबाहेरच्या नव्या वस्तीत होतं. दाराला ओला वाळा लावलेला, आतून ओवा-शेपाच्या धुरीचा वास.

जावयाने दार उघडलं. अशा उन्हात आलेला माणूस पाहून त्याने आधी पन्ह्याचा पेला आणला.

"घ्या ना जी."

"नको. नंतर."

"अहो ऊन लागीन. बसा तं."

"नाही, उभाच बरा आहे."

तो गोंधळून माझ्याकडे, मग माझ्या त्या भल्या मोठ्या वहाणांकडे पाहू लागला. तेवढ्यात आतून ओले हात पदराला पुसत एक बाई आल्या. तीन वर्षं मी मंगलाताईंचं अक्षर ओळखत होतो, आणि उगाच त्यांना उंच समजत होतो. त्या माझ्या खांद्याला लागत होत्या. त्यांनी आधी भरलेला पेला पाहिला, मग मला.

"सुधीरभाऊ का? शफीकभाईकडून आले वाटते."

"हो. मंगलाताई, एक खबर…"

"चूप!" त्यांनी हात वर केला. "इथं नाई. घरात बाळंतीन हाय, सव्वा महिना झाला नाई अजून, अन् हा मानूस मौतीची खबर घेऊन उभा हाय दारात!"

जावई घाबरला. "कोन गेलं, मामी?"

"तुमी नाई वळखत," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या हातातला पन्ह्याचा पेला घेऊन, चपला अडकवून बाहेर पडल्या.

घरामागे मोकळा प्लॉट होता. कडुनिंबाच्या सावलीत कुणाच्या तरी बांधकामाच्या विटा रचलेल्या होत्या. त्यावर त्या बसल्या, पेला बाजूला ठेवला. मी उभाच.

"सांगा आता."

"ओलाई गेली," मी म्हणालो. हे शब्द तोंडाने म्हणायला इतके जड जातील असं मला वाटलं नव्हतं. लिहिताना काहीच लागलं नव्हतं.

मंगलाताईंनी पदर तोंडाशी नेला. मग विचारलं, "कवा?"

"दिवाळीच्या आधी."

"काय झालतं तिले?"

मला ठाऊक नव्हतं. मी तिला काही आजार दिलाच नव्हता. "दमली होती," मी म्हणालो.

"जवळ कोन होतं?"

"कुणी नव्हतं. नदीकाठी एकटी होती."

"एकली? काहून? एवढा देश तिच्या ओलीवर जगला, अन् तिच्याजवळ कोनी नाई?"

ती एकटी असली की वाचताना चांगलं वाटत होतं. हे ओठांवर आलं होतं, पण शफीकभाईंच्या कापसातच राहू दिलं.

"काही बोलली का जाता जाता?"

छापील कथेत ओलाई दोन परिच्छेद बोलते. जीवन, माती, परतणं, असं बरंच काही. मला ते पाठ होतं. मी म्हणून दाखवलं. मंगलाताई ऐकत राहिल्या, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत.

"भाषन देल्लं?" त्या म्हणाल्या. "ओलाईनं? मरतानी? मायबाई, थे तं म्हनली असती, मुकाट्यानं पाय दाबून द्या, बाकी मंग पाहू!"

त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मला एकदम धीर आला. "मग ती ओलाई नसेलच," मी घाईने म्हणालो. "दुसरीच कुणी असेल. मी तसं लिहितो. पुढच्या प्रकरणात तिला परत आणू."

"नाई." त्यांचं हसू थांबलं. "मेली थे मेली. प्रमोदभाऊच्या दुकानात फोटोले येनारे लोक वाचतात हे. त्यायले काय सांगू? आमची आली वापस, तुमचा नाई येत?"

मी खाली बसलो. कडुनिंबाखालची जमीनही फाटलेली होती. मग त्यांनी पेला माझ्या हातात दिला. पन्हं कोमट झालं होतं आणि मी एका दमात प्यालो.

"रडाचं होतं थे म्या दिवाळीतच रडून घेतलं," त्या म्हणाल्या. "आता तिची ओल कोनी वाहाची थे पाहाचं. एकट्याचं काम नाई थे. पयलं प्रकरन मी लिवतो, पोरगं सव्वा महिन्याचं झालं का. मंग शफीकभाई. मंग गठ्ठा तुमच्याकडं येईन. लवकर धाडजा. मागच्या बारीले तुमी अंड्यावर बसल्यासारखे बसले होते त्याच्यावर."

इतके महिने छातीवर बसलेलं काहीतरी तिथे, त्या विटांवर, उठून गेलं. गठ्ठा सुरू होणार होता. माझी पाळी शफीकभाईंच्या नंतर होती. मी मूर्खासारखा मान हलवत राहिलो.

आतून बाळ रडल्याचा आवाज आला. मंगलाताई उठल्या. "चाला. पोरगं पाहा, जेवा. संध्याकाळची गाडी हाय ना?"

ज्यासाठी आलो होतो ते सगळं मिळालं होतं. आता गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं, त्यांनी काही मागितलंही नव्हतं. पण मी अजून एवढंच म्हणालो होतो की ओलाई गेली, जशी काही ती आपली आपणच गेली.

"मंगलाताई, थांबा."

"आता काय?"

"ओलाई गेली नाही. मी तिला मारलं. तुम्हाला विचारायचं असतं हे मला माहीत होतं आणि मी विचारलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."